तीन औषधांचा गुणाकार

१८ मार्च २०२४ रोजी केंद्रीय क्षयरोग विभागाने राज्यांना पत्र पाठवले. औषधांचा पुरवठा लांबण्याची शक्यता असल्याने तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करावीत, असे त्यात म्हटले होते. अनेकांनी ती बातमी वाचून सोडून दिली असेल. मला मात्र ती आजही विसरता येत नाही.

माझा धाकटा भाऊ तेव्हा परीक्षेच्या तयारीसाठी सरोजिनी नगरमध्ये माझ्याकडे राहत होता. क्षयरोगाच्या उपचाराचा त्याचा चौथा महिना चालू होता. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या तो रोज घेई. एरवी महिन्याच्या गोळ्या एकदम मिळत. त्या वेळी केंद्रातून सातच दिवसांच्या मिळाल्या आणि आठव्या दिवशी साठा संपल्याचे कळले.

संध्याकाळी मी मेट्रो स्थानकापासून बाजारापर्यंतची औषधांची दुकाने पालथी घातली. एका दुकानात सुटे आयसोनियाझिड तेवढे मिळाले. मी ते घेऊन आलो आणि भावाला म्हणालो, "काहीच नसण्यापेक्षा एक तरी घे."

तो म्हणाला, "दादा, आधी डॉक्टरांना विचारूया का?"

डॉक्टरांनी फोनवर ठामपणे सांगितले, "एकटे औषध मुळीच देऊ नका. पूर्ण संच मिळवू."

भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला हे आपण होऊन सुचायला हवे होते, कारण यातले गणित संभाव्यतेच्या पहिल्या धड्यातले आहे. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. म्हणजे एकट्या आयसोनियाझिडला पुरून उरणारे शंभरेक जंतू तिथे उपचारापूर्वीच असतात. बाकीचे मरतात, हे शंभर वाढत राहतात. दोन्ही औषधे एकत्र असली, तर दोन स्वतंत्र शक्यतांचा गुणाकार होतो आणि दोघांनाही चुकवणारा जंतू एकावर चौदा शून्ये इतक्या जंतूंमागे एक उरतो. चौथ्या महिन्यात जंतू पुष्कळ घटलेले असतात, म्हणून धोका कमी असतो; पण तो अकारण ओढवून घेण्याचे कारण नव्हते.

हा धडा जगाने १९४८ मध्येच घेतला होता. ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीत रुग्ण आरंभी झपाट्याने सुधारले आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांचे जंतू त्या एकट्या औषधाला जुमानेनासे झाले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले आणि २०१२ च्या आरंभी त्यावर देशभर चर्चा झाली. असा जंतू अपुऱ्या, चुकीच्या आणि खंडित उपचारांतून घडत जातो.

मग एक दिवस गोळी चुकली तर काय? रिफॅम्पिसिनचे रक्तातील अर्धायुष्य काही तासांचेच असते. दिवसभरात ते जवळजवळ नाहीसे होते. सुदैवाने क्षयाचा जंतूही संथ आहे. दुप्पट व्हायला त्याला सुमारे वीस तास लागतात. त्यामुळे एखादी चूक सावरता येते. खंड वारंवार पडले, तर मात्र प्रत्येक खंडात जंतूंना वाढीची संधी मिळते. भारताने २०१७ मध्ये आठवड्यातून तीन दिवसांऐवजी रोज गोळी देण्याची पद्धत देशभर स्वीकारली, ती उपचार अधिक परिणामकारक व्हावा म्हणून. रोजच्या गोळीसाठी रोजचा पुरवठाही लागतो.

त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने देशात पुरेसा साठा असल्याचे सांगितले. प्रयोगशाळेत आम्ही शिकतो की सरासरी ठीक असली, तरी एखाद्या बिंदूवर मूल्य शून्य असू शकते. आमचे घर त्या दिवसांत असाच एक बिंदू होते. मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले की क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवण्याची गरज नाही, घरी घेतलेले औषधही तेवढेच गुण देते. मात्र त्यासाठी औषध घरापर्यंत पोहोचावे लागते.

पाचव्या दिवशी दुसऱ्या केंद्रातून पूर्ण संच मिळाला. डॉक्टरांनी चुकलेले चार दिवस उपचाराच्या शेवटी वाढवून दिले. भावाची अखेरची थुंकीतपासणी निर्दोष आली.

सुट्या आयसोनियाझिडची ती न उघडलेली पट्टी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणाचा उपचार चालू असेल, तर एवढे करा: गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी केंद्रात चौकशी करा, आणि संच अपुरा मिळाला, तर माझ्यासारखे स्वतःच ठरवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.