शिंपीतला हात

गेल्या पावसाळ्यात आई आमच्या खारघरच्या सोसायटीच्या ओल्या जिन्यात घसरली. हातात बेलपाड्याच्या मासेवालीकडून घेतलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, होत्या. उजवं मनगट मोडलं. जवळच्या दवाखान्यात हाड बसवून गोल पक्कं प्लास्टर घातलं. गोळ्या दिल्या, परवा या म्हणाले.

रात्री 9 वाजता कण्हणं सुरू झालं. मी गोळी दिली. 11 वाजता म्हणाली, "बोटां माझी वाटनत नाय गो." मी म्हटलं, हाड मोडलंय, दुखणारच. आई उगीच कण्हणारी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी तिला झोप म्हटलं. ते अजून मनाला लागून आहे.

अडीचला दिवा लावला. बोटं टरटरून सुजलेली, नखं निळसर. नख दाबून सोडलं तर लाली लवकर परत येईना. एक बोट हलकेच सरळ केलं तर ती ओरडली. रिक्षाने थेट मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

डॉक्टरांनी प्लास्टर दोन्ही बाजूंनी उभं कापायला घेतलं. यंत्राच्या आवाजाने आईने हात ओढला. तेव्हा त्यांनी चालू पातं स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवलं. ते गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, मऊ कातडी सहसा नाही. मग आतला कापूसही कापला, कारण तोही आवळतो. वरचा अर्धा भाग झाकणासारखा उचलून पुन्हा ठेवला आणि वरून क्रेप बँडेज बांधलं. सूज वाढली तर नुसतं बँडेज सैल करायचं. प्लास्टर असं दोन्ही बाजूंनी कापण्याला बायव्हॉल्व्ह करणं म्हणतात, म्हणजे दोन शिंपांचं. आई म्हणाली, "तिसरीच केलास हाताची." फक्त बिजागरी नव्हती, दोन्ही कडा मोकळ्या.

अर्ध्या तासात बोटांना रंग आला. रक्त पोचलं नाही तर काही तासांत स्नायू मरू लागतात, डॉक्टरांनी सांगितलं. गोळी घेऊनही दुखणं वाढलं, बोटं बधिर झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच. बोटं हलवत राहायची. खाज आली तरी आत कंगवा, सुई घालायची नाही. हे सगळं मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिला तिसऱ्यांची एकशिपी खावीशी वाटली. "उघडी असली तर टिचकी मार. मिटली नाय तर टाकून दी," ती सांगत होती. मी विळीवर तिसऱ्या उघडत होते, आणि आई मधूनमधून आपलीच नखं दाबून बघत होती.