काचेवरचा ठिपका

दारव्हा तालुक्यातील एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो, त्या वेळची ही गोष्ट. सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका मुलांना नुकत्याच परत दिल्या होत्या. सातवीतील एक मुलगी दोन कागद छातीशी घट्ट धरून माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"सर, माझे गणित बरोबर आहे."

गुरुजींनी तिला त्या गणितात शून्य दिले होते. प्रश्नात १२५ किलो कापसाची किंमत विचारली होती, तिने १२.५ किलोची काढली होती. मी रागावणार, तोच तिने आपली प्रश्नपत्रिका पुढे केली. दोन आणि पाच या आकड्यांमध्ये ठसठशीत दशांशचिन्ह होते! गुरुजींनी हाताने लिहिलेला मूळ कागद काढून पाहिला, तर तो अगदी स्वच्छ.

म्हणजे हे चिन्ह आमच्या झेरॉक्सच्या यंत्राने घातले होते. यंत्र दुरुस्त करणारा यवतमाळहून यावयाचा, आणि त्याला यावयास आठवडा लागे. तोवर त्या मुलीने शून्य घेऊन का बसावे? मी तिलाच बरोबर घेऊन यंत्रापाशी गेलो.

मुलांनो, केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे ओढून घेते ना, तीच विद्या या यंत्रात आहे. चेस्टर कार्लसन या अमेरिकन गृहस्थाने आणि त्याच्या मदतनिसाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला. अक्षरे लिहिलेली काच त्यावर ठेवून दिव्याचा प्रकाश पाडला आणि मग बारीक भुकटी टाकली. जेथे अक्षरांची सावली पडली होती, तेथेच विद्युत्भार उरला आणि तेथेच भुकटी चिकटली. आमच्या यंत्रात पत्र्याऐवजी ढोल होता, एवढेच. पावसाळ्यात कागद दमट झाला, की त्यावर भुकटी नीट बसत नाही व अक्षरे फिकी येतात. ते दुखणे मला माहीत होते. पण सावली अक्षराची की घाणीची, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कसे कळावे?

आम्ही मूळ कागद उलट दिशेने फिरवून ठेवला. ठिपका कागदाबरोबर फिरला नाही. मग कोरा कागद ठेवला. ठिपका त्याच जागी! ढोलावर ओरखडा असता, तर बहुधा तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटला असता.

"मग काचेवर असेल," मुलगी म्हणाली. तिने ती प्रत काचेवर पालथी ठेवली, ठिपक्याची जागा बोटाने धरली आणि कागद अलगद उचलला. तेथे खसखशीएवढा जांभळा कण वाळून बसला होता.

जांभळा! मी चपापलो. प्रश्नपत्रिका कमी पडल्या, म्हणून शेवटच्या नऊ प्रती मीच घाईने काढल्या होत्या. त्याच्या जरासे आधी एक शाळा सोडल्याचा दाखला, शिक्क्याची शाई वाळण्यापूर्वीच, त्या काचेवर पालथा घातला होता. तो शिक्काही मीच मारलेला.

मऊ फडक्याला थोडे स्पिरिट लावून मी काच पुसली. मुलगी पाहत होती. मग तिने विचारले, "सर, बाकीच्या आठ जणांचे काय?"

त्या आठांपैकी एकही माझ्याकडे आला नव्हता. गुरुजींनी साऱ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सातवीच्या वर्गात गेलो आणि तो ठिपका कोणाच्या हातून पडला, ते सांगितले. मागच्या बाकावरून कोणी तरी खुदकन हसले; मग मलाही हसू आले.