गिरकी

जन्मभर डोंबिवलीहून लोकलने ये-जा केलेल्या माणसाला गर्दीचे भय उरत नाही, धक्क्यांचे तर नाहीच नाही. पण गिरकी घेणाऱ्या कोणत्याही वस्तूची मला लहानपणापासून धास्ती आहे. लोकल कितीही हेलकावे खावो, तिचे तोंड मुंबईकडे असते किंवा कल्याणकडे. तिसरी दिशा तिला ठाऊक नाही. माझा स्वभावही तिच्याच रुळांवर घडला असावा. एकदा ज्याच्याकडे पाठ केली, त्याच्याकडे पुन्हा तोंड वळवणे मला जमत नाही.

ही कबुली द्यायला कारण झाली माझी नात. तिने मोबाइलवर परदेशातल्या एका उद्यानातला पाळणा पाहिला. पाळणा कसला, रुळांवरून खालीवर धावता धावता स्वतःभोवतीही गरगरणारी गाडी! 'आजोबा, आपण यात बसू या ना!' असा तिने लकडा लावला. मी आपला तिची समजूत घालण्यासाठी पुस्तकी ज्ञान काढून बसलो. तिला सांगितले, की ही युक्ती काही नवी नव्हे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०८ साली हेन्री रील नावाच्या गृहस्थाने गोल टबासारख्या गाड्या नागमोडी उतारावरून सोडल्या आणि त्या खेळाला आपल्या मुलीच्या नावावरून 'व्हर्जिनिया रील' असे नाव दिले. हल्लीच्या गाडीला चढावर खीळ घातलेली असते. शिखर ओलांडले, की खीळ सुटते. पुढे ती किती फिरेल, हे यंत्र ठरवीत नाही. आत बसलेल्यांची वजने ठरवतात. चारही बाजूंना सारखा भार असला, तर ती जेमतेम हलते. एकीकडे भार अधिक झाला, की वळणावळणाला गरगरते.

नातीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, 'मग कधी जायचं?'

एवढी गाडी मी कुठून आणणार? पण त्या डिसेंबरात सावळाराम महाराज क्रीडासंकुलात आगरी महोत्सव भरला होता, आणि तिथे 'ब्रेक डान्स' होता. जत्रेत हिंडणाऱ्या वाचकाला हे प्रकरण सांगायला नको. एक मोठी तबकडी फिरते, तिच्यावरचे फुलीसारखे सांगाडे वेगळेच फिरतात आणि त्यांच्या टोकांवरच्या खुर्च्या, स्वतःचे यंत्र नसल्यामुळे, मनाला येईल तशा फिरतात. असल्याच एका खेळाचा, म्हणजे हर्बर्ट सेलनर यांनी १९२६ साली अमेरिकेत काढलेल्या 'टिल्ट-अ-व्हर्ल'चा, दोघा शास्त्रज्ञांनी १९९४ साली गणित मांडून अभ्यास केला. निष्कर्ष असा, की आरंभी केसाएवढा फरक पडला तरी पुढची गिरकी कुणीकडे जाईल, हे सांगता येत नाही.

आमच्या त्या संध्याकाळीही आरंभी एवढासाच फरक पडला. सुनेने येताना दादाच्या नातवालाही बरोबर आणले आणि नातवाबरोबर दादा आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही तीन वर्षे एकमेकांशी बोललो नव्हतो. अण्णांच्या स्टेशनजवळच्या दोन खोल्या. इमारत जुनी झाली, पाडली, नवी उभी राहिली, आणि नव्या जागेवर कुणाचे नाव लावायचे यावरून आमचे बिनसले. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षे दादाने आणि वहिनींनी त्यांचे सगळे केले. मी रविवारी फळे घेऊन जात असे. भार त्याने अधिक उचलला होता, हे मला ठाऊक होते. पण तो तो भार पुन्हा पुन्हा मोजून दाखवी, तेवढेच मी लक्षात ठेवले होते.

मुले सुनेच्या दोन बाजूंना बसली. मागून रांग ढकलत होती. उरलेल्या एका खुर्चीत उरलेले दोन म्हातारे बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दांडा लावणारा पोरगा म्हणाला, 'काका, जवळ सरका. एकमेकांना धरून बसा.' आम्ही दोघांनी दांडा धरला.

तबकडी फिरू लागली. पहिल्या गिरकीला आकाशपाळणा दिसला, दुसरीला भजीचा स्टॉल, तिसरीला काहीच नाही, कारण मी डोळे मिटून घेतले. चौथ्या गिरकीला मधली जागा नाहीशी झाली आणि दादा सगळ्या वजनानिशी माझ्यावर येऊन आदळला. त्याच क्षणी माझी कॉलर कुणीतरी मागून घट्ट पकडली.

ती पकड मी पन्नास वर्षांनंतरही ओळखली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सकाळच्या लोकलमध्ये मला शिरता येत नसे. दादा आधी आत घुसे आणि माणसांच्या डोक्यांवरून हात काढून माझ्या कॉलरला धरून मला डब्यात ओढून घेई. रागाने ओढी, आणि मी पुरता आत आल्याखेरीज सोडीत नसे.

तबकडी थांबली, तरी हात कॉलरवरच होता. 'अजून डोळे मिटतोस होय रे?' दादा म्हणाला. मला घेरी आली होती, म्हणून मी उत्तर दिले नाही. निदान त्याला तसेच वाटू दिले. उतरल्यावर पाय ठरेनात. त्याच्या खांद्याला धरून मी बाकापर्यंत गेलो. मुले पुन्हा तिकिटे काढायला पळाली आणि आम्ही दोघांनी एकच चहा दोन पेल्यांत घेतला.

खोल्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण यंदा भाऊबीजेला ताईकडे आम्ही दोघे एकाच वेळी जाणार आहोत. गेली तीन वर्षे तो सकाळी जाई आणि मी संध्याकाळी. बिचारीला ओवाळणीचे ताट दोनदा मांडावे लागे. मी फोन करून तिला तसे कळवले, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, 'पाट दोन मांडते. पण जवळजवळ मांडीन हो!'