बैल, बंजारे आणि बंद दरवाजा

नागपूरहून काटोल रस्त्याने पश्चिमेला निघालात, की वीस-बावीस किलोमीटरवर आमचं कळमेश्वर लागतं. हंगामात संत्र्यांचे ढीग, कापसाच्या गाड्या, एका बाजूला कारखाने. पण तुम्ही आलात ना, तर मी तुम्हाला आधी स्टेशनावर नेईन. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं हे लहानसं स्टेशन. जलद गाड्या धडधडत निघून जातात, मालगाडीचे डबे मात्र निवांत मोजता येतात. आमच्या वर्गातल्या पोरांचा हा आवडता उद्योग. आकडा जुळला नाही की भांडणं सुरू!

आता डोळे मिटा आणि हे रूळ पुसून टाका. डांबरी रस्ताही पुसा. साल 1803. नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी भोसले. इंग्रजांशी युद्ध पेटलंय. हजारो माणसं, घोडे, हत्ती. या सगळ्यांना रोज खायला काय घालायचं, आणि ते आणायचं कोणी?

बैलांनी! पाठीवर धान्याच्या गोण्या लादलेले बैल आणि त्यांना हाकणारे बंजारे. बंजाऱ्यांचा तांडा म्हणजे फौजेमागचा चालता-फिरता बाजारच. तो वाटेत अडवला, की समोरची फौज तलवार न उचलताच अर्धी हरली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली (हाच पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला) बैलांच्या बाबतीत फार काटेकोर. म्हैसूरकडचे चिवट बैल त्याच्या दिमतीला होते. ऑगस्टात त्याने अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, किल्ला घेतला आणि तिथे आपलं कोठार केलं.

पण नुसते बैल असून भागत नाही. वाटेवरची माणसंही आपली हवीत. इंग्रजांचा दोस्त होता हैदराबादचा निजाम. 23 सप्टेंबरला आताच्या जालना जिल्ह्यात असई गावाजवळ घनघोर लढाई झाली. इंग्रज जिंकले खरे, पण त्यांचे शेकडो लोक जखमी झाले. त्यांना ठेवायला दोस्ताचा दौलताबादचा किल्ला होताच. तर तिथल्या किल्लेदाराने त्यांना आत घ्यायलाच नकार दिला! शेवटी जखमींचा दवाखाना अजिंठ्याला थाटावा लागला. किल्लेदाराच्या मनात काय होतं? मला वाटतं, उद्या मराठे परत आले तर आपलं कसं होईल, हेच.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? शिंदे आणि भोसले एकत्र आले, पण होळकर बाजूला बसून राहिले. 23 नोव्हेंबरला शिंद्यांनी इंग्रजांशी परस्पर युद्धतहकुबीचा करार केला. त्यानंतर सहाच दिवसांनी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे उभी राहिली. शिंद्यांचे घोडेस्वार सोबतीला होते, पण असा सोबती किती वेळ टिकणार, हे कोण सांगणार? लढाई हरली.

मग उरला गाविलगड. कळमेश्वरहून काटोल, वरुड, मोर्शी, परतवाडा करत चिखलदऱ्याला गेलात, तर तो जरूर बघा. तटबंदी अजून दणकट आहे. वेलस्ली दक्षिणेकडून आला, आणि स्टीव्हन्सनच्या तुकडीला त्याने डोंगरातून उत्तरेकडे पाठवलं. तिकडे तोफा जातील असा रस्ताच नव्हता! शिपायांनी आधी रस्ता खोदला, मग त्या अवजड तोफा हातांनी ओढत दऱ्याखोऱ्यांतून नेल्या. आपली एसटीसुद्धा त्या घाटात धापा टाकते बरं का! 15 डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांचं कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडातला वाटाही गेला. तो वाटा कोणाला मिळाला असेल? निजामाला! ज्याच्या किल्लेदाराने दोस्ताचे जखमी दारातून परत पाठवले, त्यालाच.

काटोलच्या पुढे वरुडकडे जाताना वर्धेचा पूल लागतो. तिथे एसटीच्या खिडकीतून जरा खाली बघा. त्या तहानंतर अलीकडचा काठ भोसल्यांचा आणि पलीकडचा निजामाचा झाला. आमचं कळमेश्वर अलीकडे राहिलं.