ढेप, भाकर आणि पिल्लाची वाटी

मारेगावकडे कपाशी फुटू लागली की वावरात जागल सुरू होते आणि माझ्या दवाखान्यात कुत्र्यांची गर्दी वाढते. कुणाला रानडुकराने फाडलेलं असतं, कुणी रोह्यांमागे धावताना पाय दुखावून घेतलेला असतो. गावोगाव नवी पिल्लं दिसू लागतात तीही याच दिवसांत. जखमा शिवता येतात. पण पिल्लूपणी पोटात काय गेलं नाही, ते पुढे भरून काढणं फार अवघड.

गेल्या हिवाळ्यात एक काका दुपट्ट्यात गुंडाळून अडीच महिन्यांचं पिल्लू घेऊन आले. पोट टम्म, फासळ्या वर आलेल्या, केस राठ. "डाक्टर साहेब, याले रोज दूध-भाकर देतो जी. मंग हा भरून काऊन नाही येत?"

जंत होतेच, औषध दिलं. पण काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वाटीत होतं. पाच किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला 700 किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा लागते आणि तिच्यासोबत किमान 40 ग्रॅम प्रथिनं. तेवढी ऊर्जा ज्वारीतून द्यायची तर 200 ग्रॅम पीठ लागेल. त्यात प्रथिनं जेमतेम 20 ग्रॅम, आणि तीही लायसिनला लंगडी. गाईचं दूध मदतीला येतं, पण थोडंच. कुत्रीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुधातली साखर कमी. म्हणून गाईचं दूध वाढवलं की अनेक पिल्लांना हगवण लागते आणि दिलेलंही अंगी लागत नाही.

भाकर वाईट नाही. माणसाच्या सोबतीने राहून कुत्रा पिष्ट पचवायला शिकला आहे. लांडग्याच्या तुलनेत त्याच्याकडे त्या कामाच्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे 2013 साली संशोधकांनी दाखवलं. भाकरीने पोट भरतं. अंग भरायला दुसरं काही लागतं.

मग गोष्ट येते पिशवीतल्या कोरड्या दाण्यांवर. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे त्याला सरसकट 'पेडिग्री' म्हणतात. पिशवी घेताना लोक फोटो पाहतात, भाव विचारतात. मागच्या बाजूचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. हीच माणसं सरकीची ढेप घेताना तुकडा मोडून बघतात, वास घेतात, टरफल किती ते तपासतात! ती नजर इथेही हवी.

पिशवीवर 'क्रूड प्रोटीन' म्हणून जो आकडा असतो, तो प्रथिनं मोजून आलेला नसतो. खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये दिलेल्या नायट्रोजन मोजण्याच्या पद्धतीवर हा हिशेब उभा आहे. पण नायट्रोजन म्हणजे प्रथिन नव्हे. गाईच्या खुराकात थोडा युरिया मिसळला तरी तिच्या पोटातले जिवाणू त्याचं प्रथिन करतात. कुत्र्याकडे तसं पोट नाही. त्याला दहा आवश्यक अमिनो आम्लं अन्नातूनच आयती मिळावी लागतात. 2007 मध्ये अमेरिकेत पाळीव प्राण्यांचं खाद्य मोठ्या प्रमाणावर परत मागवावं लागलं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नायट्रोजनचा आकडा फुगवण्यासाठी मेलामाइन घातलेलं होतं आणि किडन्या निकामी होऊन कुत्री-मांजरं मेली.

म्हणून आकड्याच्या खाली घटकांची यादी वाचा, असं मी प्रत्येकाला सांगतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. कोंबडी, मासे, अंडी, मांसाची भुकटी यांतलं काही सुरुवातीलाच आहे का? ताज्या कोंबडीत बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे ती यादीत वर दिसली तरी कोरड्या वजनात तिचा वाटा घटतो. भुकटी आधीच सुकवलेली असते. सोयाबीन दिसलं की आमचे लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. नीट शिजवलेलं, प्रक्रिया केलेलं सोयाबीन चांगलं प्रथिन आहे. मात्र घरचं कच्चं सोयाबीन घालू नका, त्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात.

अमेरिकेच्या आफ्को संस्थेची मोजमापं जगभर वापरली जातात. त्यांनुसार ओलावा वगळून पिल्लाच्या खाद्यात किमान 22.5 टक्के आणि प्रौढाच्या खाद्यात किमान 18 टक्के प्रथिनं हवीत. कोरड्या खाद्यातही 10 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. म्हणजे पिशवीवर 22 लिहिलं असेल, तर ओलावा वगळून ते 24 च्या वर जातं. पिल्लासाठी मी पिशवीवरचे 24 ते 28 टक्के बघतो.

याउलट चूक शहरी वळणाच्या घरांत होते. जर्मन शेफर्डचं किंवा लॅब्रॅडॉरचं पिल्लू येतं, त्याला उत्तम खाद्य मिळतं आणि वर कॅल्शियमचं टॉनिक. चार महिन्यांचं पिल्लू पाय वाकडे करत दवाखान्यात येतं आणि दोष प्रथिनांना दिला जातो. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं बिघडवतात ती जादा ऊर्जा आणि जादा कॅल्शियम. संतुलित खाद्य चालू असेल तर कॅल्शियमची बाटली बंद करा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. पण नुसत्या भाकरीवर वाढणाऱ्या पिल्लाची हाडं कॅल्शियमच्या कमतरतेनेच वाकतात, हेही तितकंच खरं.

एक काळजी फार वाटते. उघड्या पोत्यातून सुटं खाद्य किलोवर विकलं जातं. आमचा उन्हाळा 45 अंशांचा. त्या उष्णतेत दाण्यांवरची चरबी खवट होते, जीवनसत्त्वं जातात. पावसाळ्यात बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिनने यकृत जातं. सुटं घेतलं की तारीख नाही, घटक नाहीत, काहीच नाही. लहान का होईना, बंद पिशवी घ्या आणि तोंड घट्ट बांधून सावलीत ठेवा.

काकांना पूर्ण पिशवीचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून ठरलं असं: सहा महिने होईपर्यंत अर्धं पोट पिल्लांच्या खाद्यावर, उरलेल्या भाकरीत शिजवलेली तुरीची डाळ आणि रोज एक उकडलेलं अंडं. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि डाळीतलं लायसिन ज्वारीची उणीव भरून काढतं. कांदा-लसणाची फोडणी मात्र नाही, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

परवा काका पुन्हा आले. कुत्रा आता वर्षाचा आहे, वीस किलोचा, रात्री वावरात असतो. मोठ्यांचं खाद्य कधी सुरू करू, असं विचारत होते. आठ दिवस जुनं-नवं मिसळून बदला म्हटलं. दिवसाला 300 ग्रॅमच्या आसपास पुरेल, जागलीच्या दिवसांत थोडं जास्त. बरगड्यांवरून हात फिरवायचा. त्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. काकांनी तिथेच हात फिरवून पाहिला.