गळती

बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला रेडिएटर दुरुस्त करणारे एक दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, सिमेंटची पाण्याने भरलेली टाकी आणि एक म्हातारे मिस्त्री. खंडाळ्यापर्यंतची सुमारे पाचशे मीटरची चढण ज्या इंजिनांना झेपत नसे, ती वाफ सोडत या दारात येत. 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्याही बदलल्या, आणि ती रांग ओसरली. मिस्त्री मात्र जागचे हललेले नाहीत.

तापलेल्या गाडीला ते हात लावीत नाहीत. इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी चालवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तितकाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यापैकी बहुतेक भार पाण्याला वाहावा लागतो. ते उकळू नये म्हणून टोपणाखाली दाब कोंडून ठेवलेला असतो. वातावरणाच्या दाबाइतका जादा दाब असला, तर पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते. अशा वेळी टोपण उघडले, की दाब सुटतो, त्या पाण्याची क्षणार्धात वाफ होऊ लागते आणि उघडणाऱ्याचे तोंड तिच्या वाटेत असते. मिस्त्रींच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा एक जुना, गुळगुळीत, पांढरट व्रण आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत. फक्त घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला चहा मागवतात.

पाणी पडते तिथे गळत नसते, ही या विद्येची पहिली अडचण. पंख्याचा आणि धावत्या गाडीचा वारा थेंबाला मागे ढकलतो. तो इंजिनाच्या अंगावरून ओघळत कुठल्यातरी पट्टीच्या टोकाशी पोचतो आणि भलत्याच जागी टपकतो. म्हणून मिस्त्री पाणी शोधीत नाहीत, पाण्याची खूण शोधतात. कूलंटमधले पाणी उडून जाते, पण त्याचा रंग मागे राहतो: नळीच्या क्लिपेखाली हिरवट, क्वचित गुलाबी, सुकलेल्या क्षारासारखा थर. पाण्याच्या पंपाच्या अंगाला तर निर्मात्यानेच एक बारीक भोक ठेवलेले असते. आतले सील झिजले, की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी त्या भोकातून बाहेर येऊन वर्दी देते. काही उत्साही मंडळी ते भोकच लांबी भरून बुजवतात. तक्रार करणाऱ्याचे तोंड दाबण्याचाच हा प्रकार.

काही गळत्या थंडीतच उघड होतात. रबर आणि धातू तापल्यावर फुगून सांधा घट्ट बसतो, पहाटे आकसून सुटतो. “गाडी रात्री इथेच राहू द्या,” असे मिस्त्री सांगतात ते उगाच नव्हे. सकाळी ते टोपणाच्या जागी हातपंप बसवून दाब भरतात आणि काट्याकडे पाहत बसतात. काटा उतरू लागला, की कान देऊन त्या सूक्ष्म फुसफुशीचा माग काढायचा.

रेडिएटरच दोषी ठरला, तर तो उतरवायचा, तोंडे बंद करून हवा भरायची आणि टाकीत बुडवायचा. बुडबुडे जागा दाखवतात. विल्हेल्म मायबाखने 1900-01च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला, त्यात 8,070 नळ्या होत्या. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे; त्यांना कथील-शिशाचा डाग देता येई. कल्हईवाल्याच्या विद्येचे हे चुलत भावंड. आता गाभा ॲल्युमिनियमचा आणि वरखालच्या टाक्या प्लास्टिकच्या. प्लास्टिकला कथील धरत नाही. टाकीला चीर गेली, की बहुधा नवा रेडिएटरच बसतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तोवर मिस्त्रींचे डाग देण्याचे काम महिन्याकाठी एखाद्यावर आले होते.

अशा मंदीच्या दिवसांत एक टॅक्सीवाला आला. जमिनीवर थेंब नाही, पण रोज लिटरभर पाणी कमी.

“मिस्त्री, हळद टाकू का?”

हळदीची पूड चिरेशी साचते आणि गळती तात्पुरती बुजते, ही रस्त्यावरची जुनी युक्ती. तिच्या जोरावर पुष्कळ गाड्या घरी पोचल्या आहेत.

“हळदीला भोक कळत नाही,” मिस्त्री म्हणाले. “जिथं अरुंद, तिथं ती बसते. चांगल्या नळ्याही बुजतील.”

त्यांनी तेलाचे टोपण उघडले. आतल्या बाजूला दुधाळ, चहाच्या रंगाचा फेस होता. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे टोपण काढून ते सुरू करायला लावले; पाण्यात बुडबुडे येऊ लागले. गाडी तापल्यावरही मागचा पांढरा धूर थांबेना, आणि त्याला गोडसर वास होता. पाणी बाहेर नव्हे, आत गळत होते. हेडखालची गॅस्केट गेली होती.

“लग्नसराई आहे. हप्ता आहे. पंधरा दिवस पाणी टाकून चालवतो,” टॅक्सीवाला म्हणाला. “तुम्ही रेडिएटर तेवढा साफ करून द्या.”

त्या सफाईचे पैसे मिस्त्रींना हवे होते. हेडचे काम त्यांचे नव्हे; ते पलीकडच्या गॅरेजात जाणार होते. तरी त्यांनी नकार दिला. तेलात पाणी शिरले की बेअरिंगे झिजतात, हेड तापून वाकले की नुसत्या गॅस्केटने भागत नाही, हे त्यांनी दोनदा समजावले. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत. टॅक्सीवाला बराच वेळ बाकावर बसून राहिला. मग त्याने फोन काढून दोन वऱ्हाडांच्या भाड्यांसाठी दुसऱ्या गाडीवाल्याचे नाव सांगितले.

मिस्त्रींनी खाली घमेले सरकवून कूलंट काढून घेतले. ग्लायकॉल चवीला गोड आणि प्राणघातक. रस्त्यावरची कुत्री ते चाटतात. त्यांनी घमेल्यावर पत्रा ठेवला, त्यावर एक वीट ठेवली आणि गाडी ढकलायला पलीकडच्या पोराला हाक मारली.