काळ्या ऑइलची तक्रार

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू इतका तावातावानं बोलत होतास की मला मध्ये तोंड घालता येईना, म्हणून लिहितोय. बदलून आठवडा झाला नाही तोच ऑइल काळं पडलं, म्हणजे दुकानदारानं भेसळीचा माल गळ्यात मारला, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. डिझेल जळलं की काजळी होणारच. ती पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. ऑइल तिला आपल्यातच तरंगत ठेवतं, बेअरिंगवर थर बसू देत नाही. तेव्हा रंगावरून भांडायला जाऊ नकोस.

त्यापेक्षा ऑइल मोजायच्या काठीवरचा थेंब अंगठा-बोटात चोळून बघ. कचकच लागली तर धूळ किंवा धातूचा कीस आहे. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर कूलंट मिसळलंय. हेड गॅसकीट नाहीतर ऑइल कूलर गेला समज आणि गाडी पुढे दामटू नकोस.

लेव्हल सकाळी, स्टार्टर मारायच्या आधी बघ. रात्रभरात सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं. वाटेत बघायची वेळ आलीच तर सपाट जागा शोध, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांब. खंबाटकी घाट उतरून ढाब्यावर तिरक्या लावलेल्या गाडीची काठी खरं सांगत नाही. आणि पहिल्यांदा ओढलेली काठी वाचायची नसते. पुसून, पुरती आत घालून, परत काढून वाचायची.

लेव्हल उतरली की भर घालायची, हे पोरासोरालाही ठाऊक. न घालताच चढली तर? तेव्हा मात्र धाबं दणाणायला हवं. कूलंट किंवा डिझेल आत येतंय. डिझेल असेल तर इंजेक्टर गळतो, किंवा बीएस-६ च्या काही इंजिनांत धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल खाली झिरपतं. ऑइल पातळ होतं, वास येतो. फारच चढलं तर इंजिन तेच ओढून जाळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. हातानं जास्त भरणंही वाईटच: क्रँक ते घुसळतो, फेस होतो, पंप हवा ओढतो.

आता ऑइल प्रेशरचा काटा. सकाळी गार इंजिनावर तो वर चढतो त्यात कौतुक नाही, ऑइल घट्ट असतं. घाट चढून तापलेल्या इंजिनाला आयडलवर ठेव आणि मग बघ. पंप नुसतं ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या अरुंद फटींमुळे. फटी झिजून रुंदावल्या की काटा बसतो. अशा वेळी काही मिस्त्री जाड ऑइल घालून काटा वर आणून देतात. मला ते मुळीच मान्य नाही. झीज तशीच राहते, वर थंडीत टर्बोला ऑइल उशिरा पोचतं. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलंय ना, मग तेच घाल.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर मात्र जागा बघून लगेच इंजिन बंद. काठीवर लेव्हल बरोबर दिसली म्हणून परत चालू करू नकोस. पंप गेला असेल, जाळी तुंबली असेल. कधी नुसता सेन्सरही खोटं बोलतो, पण ते मिस्त्रीनं साधं मीटर लावून सांगायचं, तू अंदाजानं नाही.

तुझ्या गाडीचं आयडलवरचं प्रेशर गार आणि गरम, दोन्ही लिहून पाठव. पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा